रेघ कुठून निघते

स्केचबुक विकत घ्यायच्या आधी थोडा वेळ नुसतं बसू या. समोर कागद नको, पेन्सिलही नको. ज्या हाताने चित्र काढता तो हात टेबलावर सैल ठेवा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

आता मनगट टेकलेलं राहू द्या आणि फक्त बोटांनी टेबलावर एक रेघ ओढा. दोन इंच गेली, फार तर अडीच. मग मनगट मोकळं करा, कोपर टेकलेलं असू द्या. रेघ लांबली आणि तिला आपोआप बाक आला. आता कोपरही उचला. शेवटी उभे राहा, आणि खांद्यापासून हात फिरवा. दीड-दोन फुटांची रेघ सहज निघते. हेच चारही हात पुन्हा एकदा, सावकाश करा. कुठे ताण आला, कुठे बरं वाटलं, तेवढं पाहा.

प्रत्येक सांध्याची आपली एक रेघ असते, आणि प्रत्येक माध्यमाचा जीव यांतल्या एखाद्या सांध्यावर जास्त असतो. स्केचबुकचा आकार इथूनच ठरवावा असं मला मनापासून वाटतं.

मनात एक बारीक निबचं पेन धरा. ते बोटांत आणि मनगटात रमतं. म्हणून त्याला ए6 किंवा ए5, आणि कागद गुळगुळीत. खरखरीत कागदावर निब अडकते. लोकलमध्ये समोरच्या बाकावर डुलकी लागलेल्या माणसाची मान कललेली आहे, आणि पुढचं स्टेशन येईपर्यंतच ती तशी राहणार आहे. अशा वेळी तळहातावर मावेल तीच वही उघडली जाते. लिओनार्दोनेही चित्रकारांना लहान वही कायम जवळ बाळगायला सांगितलं होतं. लंडनच्या टेट संग्रहात टर्नरची सुमारे 300 स्केचबुकं आहेत, त्यांतली बरीचशी खिशात मावणारी.

तेच पेन आता ए3 च्या पानावर आणा. पान मोठं झालं, पण रेघेची जाडी तेवढीच राहिली. एखादी सावली भरायला तासन्‌तास रेघा माराव्या लागतील. इथे क्षणभर थांबा, कारण रंगीत पेन्सिलींचंही अगदी हेच आहे: थरावर थर चढवत जाणारं ते काम ए5 किंवा ए4 वर पूर्ण होतं, त्याहून मोठ्या पानावर बहुधा अर्धवट राहतं.

आता एक ए4 कागद घ्या आणि मधोमध दुमडा. ए5 झाला. पुन्हा दुमडा, ए6. आकार निम्मा होत गेला, पण लांबी-रुंदीचं प्रमाण बदललं नाही. या मापांची खुबी तीच आहे. ए6 वर झरझर केलेली रचना ए4 वर नेताना दोन्ही बाजू दुप्पट करायच्या. काही कापावं लागत नाही, काही वाढवावं लागत नाही. मोठं चित्र करायचं असेल तरी पहिला विचार छोट्या पानावर करायला म्हणूनच धीर येतो.

पेन्सिल सगळ्यांत समजूतदार. ए5 वरही चालते, ए4 वर मोकळी होते. तिच्याबद्दल फार काळजी नको.

कोळशापाशी मात्र रेंगाळू या. कोळशाची कांडी बोटांत धरा, आडवी. तिची एक बाजूच दोन-तीन इंच रुंद पट्टा देते. लहान पानावर ती दोन फटकाऱ्यांत सगळं काळं करून टाकेल. तिला खांदा हवा. ए3 हे कमीत कमी, ए2 असेल तर उत्तम, आणि कागद भुकटी धरून ठेवेल इतका खरखरीत. असा कागद मांडीवर सपाट ठेवू नका. वरची बाजू डोळ्यांपासून लांब जाते, तिरकस दिसते, आणि उभं केल्यावर माणसं नको तितकी उंच निघालेली दिसतात. बोर्ड उभा करा, मागे सरका, पूर्ण पान एका नजरेत येऊ द्या. बांधलेल्या वहीत समोरासमोरची पानं एकमेकांना काळी करतात, तेव्हा कोळशासाठी सुटे कागदच बरे. सॉफ्ट पेस्टललाही हेच लागू.

आणि जलरंग. इथे सांध्याच्या जोडीला आणखी एक माप येतं: ओल किती वेळ टिकते.

डोळे मिटा. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर बसला आहात, मे महिना आहे, अकरा वाजलेत. आकाशाचा वॉश वरून खाली आणायचा आहे. कागद हाफ इम्पिरियल, म्हणजे 15 बाय 22 इंच. ब्रश डावीकडून उजवीकडे जातो, परत येतो, आणि तेवढ्यात सुरुवातीची कड सुकलेली असते. आकाशात नको तिथे रेघ उमटते. आता तेच आकाश ए5 वर लावून पाहा. चार-पाच हातांत खाली उतरतं, कड शेवटपर्यंत ओली राहते. उलट, श्रावणात कोकणात बसलात तर कागद लवकर वाळतच नाही. तिथे मोठा वॉश निवांत लावता येतो, पण वही मिटता येत नाही. त्या दिवसांत दोन लहान वह्या आलटून पालटून वापराव्यात.

कागदाच्या वजनाचाही विचार करा. 150 जीएसएमचा कार्ट्रिज पेपर पाणी पिऊन लाटा उठवतो, आणि पान जितकं मोठं तितक्या त्या लाटा जास्त जाचतात. 300 जीएसएमचा कोल्ड प्रेस कागद बराचसा ठाम राहतो. ब्रशही कागदाच्या मापाने मोठा लागतो. सहा नंबरचा ब्रश घेऊन हाफ इम्पिरियलचं आकाश भरायला जाऊ नये.

हे सगळं मनात मुरलं की जलरंगाच्या कागदाचा एक फुल इम्पिरियल ताव आणा, 22 बाय 30 इंचांचा. निम्मा करा. एक अर्धा तसाच ठेवा, दुसऱ्याचे दोन पाव करा. एका पावाचे पुन्हा दोन. पाव ताव पूर्ण तावाच्याच प्रमाणात येतो, अर्धा जरा लांबट होतो, तेही नजरेने जोखून घ्या. बोर्डावर क्लिपा लावा आणि आपल्या आवडीचं माध्यम या तुकड्यांवर एकेक करून वापरा. ज्या तुकड्यावर हात आखडला नाही, आणि कोपरे केवळ रिकामे दिसतात म्हणून भरावे लागले नाहीत, तो पट्टीने मोजा. तेवढं माप सांगून मग स्केचबुक मागा.