परत न येणारे गिऱ्हाईक

नागपूरचा माझा मावसभाऊ संक्रांतीच्या सुमारास सोलापुरास आला होता. गड्ड्याची यात्रा भरलेली. नंदीध्वजांची मिरवणूक पाहून झाली, तळ्यातल्या सिद्धेश्वराचे दर्शन झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता त्याने प्रत्येक पाहुणा विचारतो तो प्रश्न विचारला, “तुमच्या गावात घ्यावं काय आणि खावं कुठं?”

प्रश्न साधा, पण गावात राहणाऱ्याला तो नेहमी थोडा अडचणीत टाकतो. आपण आपल्या गावात ‘खरेदी’ अशी कधी करीत नाही. वाण्याकडे जातो, मंडईत जातो, लग्नकार्य निघाले तर कापडाच्या दुकानात जातो. खरेदी करतो तो पाहुणा. त्याच्याबरोबर हिंडताना आपलेच गाव आपल्याला काउंटरच्या पलीकडून दिसू लागते.

तरी मी यादी सांगितली. शेंगांची चटणी, कडक भाकरी, मंगळवेढ्याची ज्वारी, आणि अर्थातच चादर. या गावात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथल्या पेठांत माग मांडले. सोलापुरी चादर म्हटले की जाडजूड सूत, भडक नक्षी आणि पुढच्या पिढीपर्यंत टिकणारा पोत डोळ्यांपुढे येतो. या शतकाच्या पहिल्या दशकात तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे दुसऱ्या गावच्या मालाला हे नाव लावू नये, एवढा बंदोबस्त कायद्याने केला. नाव सांभाळता येते. नावामागची दानत कायद्याने सांभाळता येत नाही. त्याचा अनुभव मला त्याच दुपारी आला, आणि दोष एकट्या दुकानदाराचा नव्हता.

दुकान माझ्या नेहमीच्या रस्त्यावरचे. दुकानदाराची माझी रोजची ‘काय सर, कसं काय’ एवढी ओळख. त्या दिवशी मी दोन पावले मागे होतो. भावाने चादर पसंत केली, किंमत विचारली, आणि दुकानदाराने जी सांगितली ती ऐकून मी चपापलो. तसलीच चादर मी दिवाळीपूर्वी सव्वाशे रुपये कमी देऊन नेली होती. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले, आणि मी चादरीच्या नक्षीकडे पाहू लागलो. भावाने पैसे दिले. आम्ही बाहेर पडलो.

मी का बोललो नाही? भीड पडली, असे मी स्वतःला सांगितले. परंतु भीड कोणाची पडावी, याचा निर्णय माणूस आधीच करून ठेवतो. दुकानदार मला उद्या भेटणार होता. भाऊ उद्या गाडीत बसणार होता. जो जाणार त्याच्यापेक्षा जो राहणार त्याला मी जपले. आणि दुकानदाराने तरी दुसरे काय केले? मी उद्या परत येणार म्हणून मला रास्त भाव, आणि हा येणार नाही म्हणून याला चढा.

कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली नीतीच्या पायाविषयी जे पुस्तक लिहिले, त्यात नेमका एक दुकानदारच उभा केला आहे. तो अजाण गिऱ्हाइकाला फसवीत नाही, सर्वांना एकच भाव सांगतो, लहान मूलही त्याच्याकडून निर्धास्त माल नेते. कांट विचारतो, एवढ्यावरून हा मनुष्य कर्तव्यबुद्धीने वागला असे म्हणता येईल काय? येणार नाही; कारण सचोटीतच त्याचा फायदा आहे. बाजारात नाव राहिले तर गिऱ्हाईक राहते.

कांटचे म्हणणे मान्य केले, तर खऱ्या सचोटीची कसोटी कोठे लागेल? जेथे नाव जाण्याचे भय नाही तेथे. म्हणजे परत न येणाऱ्या गिऱ्हाइकापाशी. सोलापुरावरून अशी माणसे बाराही महिने जातात. कोणी पंढरपूरला निघालेला, कोणी तुळजापूरला, कोणी अक्कलकोट करून गाणगापूरला. स्टेशनाबाहेर उतरायचे, दोन घास खायचे, घरच्यांसाठी काहीतरी बांधून घ्यायचे आणि पुढची गाडी धरायची. त्यांना ना भाव ठाऊक, ना पेठ. अशा माणसाला आपण काय सांगतो, त्यावर गावाची नीती ठरते. शेजाऱ्याशी नीट वागणे हा पुष्कळदा केवळ शहाणपणा असतो.

कोणी म्हणेल, एवढे काय त्यात! बाहेरचा माणूस हौसेने येतो, त्याच्या खिशात चार पैसे अधिक असतात; ते गावात राहिले तर बिघडले काय? हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. श्रीमंताकडून अधिक आणि गरिबाकडून कमी घेणारा डॉक्टर आपल्याला भला वाटतो. पण तो डॉक्टर तसे उघड करतो, आणि ऐपत पाहून करतो. येथे ऐपत कोणी पाहिली नव्हती. अज्ञान तेवढे पाहिले होते. दर्शनाला आलेली गरीब म्हातारीही त्याच चढ्या भावात सापडली असती. शिवाय ते सव्वाशे रुपये मागावर उभ्या असलेल्या विणकरापर्यंत पोहोचले असतील, असे मानण्याइतका मी भाबडा नाही.

त्याच रात्री आम्ही एका खानावळीत जेवलो. साधी जागा, ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, झुणका, वांग्याची भाजी. मालकीणबाई स्वतः वाढीत होत्या. भावाने चटणीचा मोठा घास घेतला तशा त्या म्हणाल्या, “दादा, आमची चटणी तिखट असती. दही घ्या संगट. जेवा की निवांत.” शेजारच्या पाटावर रोजचा माणूस होता. त्याला जे ताट, तेच आम्हाला. त्याने जेवढे मोजले, तेवढेच आम्ही मोजले. बाईंनी आम्हाला काही फुकट दिले नाही. दह्याचे पैसेही घेतले.

पण मला सिद्धरामेश्वरांच्या काळातले दोन शब्द आठवले. बाराव्या शतकातल्या शरणांनी कायक आणि दासोह सांगितला. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम; दासोह म्हणजे त्या श्रमाचे फळ, आपण दास आहोत या भावनेने, इतरांच्या पानात वाढणे. आपण समजतो की दासोह अन्नछत्रात असतो आणि बाजारात नसतो. पैसे घेतले की आतिथ्य संपले. मला वाटते, पैसे घेतल्याने आतिथ्य संपत नाही. किंमत फिटते, समोरच्याच्या अज्ञानाचा फायदा न घेण्याचे देणे मात्र राहतेच. त्या बाईंनी दह्याचे पैसे घेतले, आणि तरी आमच्याशी पाहुण्यासारख्या वागल्या.

हल्ली म्हणतात, ही अडचण मोबाईलने सोडवली. पाहुणा गाडीत बसल्यावर दुकानाला तारे देतो, चार ओळी लिहितो; परत न येणारे गिऱ्हाईक अशा रीतीने रोज परत येते. चांगलेच आहे. फसवणूक कमी होईल. परंतु कांटचा दुकानदार जेथे होता तेथेच राहील. पूर्वी तो पेठेला भीत होता, आता ताऱ्यांना भिईल.

दुसऱ्या दिवशी फलाटावर मी भावाला सगळे सांगून टाकले. तो हसत सुटला. म्हणाला, “अरे, तू नागपूरला आला होतास तेव्हा संत्र्यांच्या टोपलीला तू किती दिलेस, ते मी तरी कुठं बोललो होतो?” गाडी हलली आणि त्या हसण्यात आमचे दोघांचेही पाप वाहून गेले, असे मला क्षणभर वाटले.

पण ते तसे वाहून गेले नाही. आठवड्याने मी त्या दुकानात गेलो आणि शक्य तितक्या हलक्या आवाजात विषय काढला. दुकानदार खरोखरच ओशाळला. “सर, पाहुणे तुमचे होते व्हय? मला वाटलं, असंच कुणी आलंय अन् तुम्ही मागनं आलाय. आधी सांगायचं नाही का? तुमच्या माणसाला मी असा भाव लावीन का?” त्याने गल्ल्यातून सव्वाशे रुपये काढून माझ्यापुढे ठेवले. माणूस वाईट नव्हता.

ते पैसे मी भावाला पाठविले. दुकानदाराचे वाक्य मात्र माझ्यापाशी राहिले. रास्त भाव मिळण्यासाठी माणसाने आधी कोणाचे तरी असावे लागते! माझा भाऊ माझा होता, म्हणून त्याचे पैसे परत आले. त्याच दुपारी त्याच्या मागे उभा असलेला, कोणाचाच नसलेला मनुष्य तेवढेच पैसे देऊन, चादर काखेत मारून, समाधानाने स्टेशनाकडे गेला असेल. त्याच्यासाठी हलक्या आवाजात विषय काढायला कोण जाणार?