लाईन डेड आहे म्हणे

दुसऱ्याचा शब्द तपासून बघणं हा त्याचा अपमान असतो काय? हा सवाल मी इलेक्ट्रिशियन म्हणून विचारतोय. कळवा हे विजेच्या माणसांचं गाव. इथं सीमेन्सचा स्विचगियरचा कारखाना, इथंच 400 केव्हीचं सबस्टेशन. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला.

415 व्होल्टच्या पॅनेलात हात घालायचा तर आमचा रिवाज ठरलेला. मेन स्विच बंद करायचा. फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवायचे. 'काम चालू आहे, स्विच लावू नये' अशी पाटी अडकवायची. एवढं झालं तरी हात घालायचा नाही. टेस्ट लॅम्प आधी चालू लाईनवर लावून बघायचा, पेटतो का. मग बंद लाईनवर. मग परत चालू लाईनवर. कारण लॅम्पच मधे उडाला असेल तर जिवंत तारही मेलेली दिसते. तेवढ्यानं माणूस जातो.

त्यातूनही दोन गोष्टी दगा देतात. कपॅसिटर सप्लाय तोडल्यावरही चार्ज धरून बसतो, तो उतरवावा लागतो. दुसरा बॅक फीड. पुढून मेन बंद, पण जनरेटर चालू झाला तर मागून सप्लाय येतो.

म्हणून साहेब 'लाईन डेड आहे' म्हणाला तरी हेल्पर टेस्ट करतोच. साहेबाला राग येत नाही. न तपासता हात घातला तर मात्र शिव्या बसतात.

हेच लोक डबा खाताना म्हणतात, 'आता कुठं राहिलीय जात? तुम्ही लोक उगाच संशय घेता.' इथं तपासायला गेलं की राग येतो.

मेन स्विच बंद झाला हे कबूल. 26 जानेवारी 1950 पासून घटनेच्या 17 व्या कलमानं अस्पृश्यता बंद. मग 1955 चा कायदा आला, 1989 चा ॲट्रॉसिटीचा आला. एकदा तोडलेली लाईन पुन्हा दोनदा का तोडावी लागली? चार्ज उरला होता म्हणून. मी भाड्यानं खोली बघायला गेलो. पगार विचारला, मान डोलली. आडनाव विचारलं. 'अहो, कालच दिली.' हा बॅक फीड. कारखान्याच्या गेटवर बंद, बिऱ्हाडाच्या दारातून चालू. पॅनेलात जोडीदार वाकतो तेव्हा स्विचपाशी मी उभा असतो. जीव माझ्यावर सोपवता येतो, खोली सोपवता येत नाही.

यंत्र जात बघत नाही म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांत यंत्रंच होती. तरी विणाईच्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, त्याला थुंकी लागे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढे आणला. थुंकीचा विटाळ यंत्राला नव्हता, माणसाला होता.

पण आपला लॅम्पही तपासला पाहिजे. सुपरवायझर सगळ्यांवरच खेकसत असेल तर तिथं जात दाखवणारा लॅम्प खराब. मी स्वतःला विचारतो, माझ्या जागी दुसऱ्या आडनावाचा असता तर हेच झालं असतं का? झालं असतं तर गप्प बसतो. नसतं झालं तर गप्प बसत नाही.

तपासणं म्हणजे वैर नव्हे. कुणाचा जीव जाऊ नये म्हणून केलेला तो नियम आहे. तेव्हा मित्रांनो, कुणी म्हणालं की जात मेली, तर भांडू नका. एवढंच विचारा: तपासली कधी? कशानं? आणि तारेवर हात कुणाचा होता?