शिक्षणातील खंड : नुकसान की संधी?

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालक येतात. गुणपत्रिका हातात घेतात, तिची घडी करून खिशात ठेवतात आणि जाता जाता म्हणतात, "सर, एक साल घर में रहने दो, फिर देखेंगे." बीड जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे, की आता त्याचा विचार करणे भाग आहे. शिक्षणात एक वर्ष थांबावे का?

श्रीमंत देशांत हा प्रश्न वेगळा असतो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची मुलगी मालिया ओबामा २०१६ साली शाळा संपवून एक वर्ष थांबली आणि २०१७ साली हार्वर्डला गेली. तिची जागा तिची वाट पाहत होती. आपल्याकडे थांबणाऱ्याची वाट पाहत कोण बसते?

आपल्या जिल्ह्यातही खंड पडतो, पण त्याला कोणी संधी म्हणत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून आईबापांबरोबर मुलेही जातात आणि शाळेचे निम्मे वर्ष फडावर संपते. हंगामी वसतिगृहे आहेत म्हणून काही मुले गावी टिकतात. ज्यांना थोडे परवडते ते बारावीनंतर 'नीट' पुन्हा देण्यासाठी मुलाला वर्षभर लातूरला ठेवतात. २०२२ पासून या परीक्षेला कमाल वयाची अट राहिली नाही, त्यामुळे एका वर्षाची दोन आणि दोनाची तीन वर्षे होतात. काही मुले हिफ्जसाठी पाचवी-सहावीतच शाळा सोडतात. कुराण मुखोद्गत करणे ही मोठी मेहनत आहे, तिचा आम्हांस आदर आहे. परंतु तो हाफिज परत आला की वयाने थोराड होऊन लहान मुलांच्या बाकावर बसायला लाजतो. त्याला सामावून घेण्याची तयारी आपल्या शाळांनीही ठेवलेली नसते.

म्हणजे थांबणे वाईटच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९२० साली असहकाराच्या हाकेला प्रतिसाद देऊन अलीगढच्या विद्यार्थ्यांनी कॉलेज सोडले. त्यांत झाकिर हुसेन होते. जामिया मिल्लिया इस्लामिया त्यातूनच उभी राहिली. पुढे १९२२ साली ते जर्मनीला गेले, १९२६ साली बर्लिनची डॉक्टरेट घेऊन परतले आणि १९६७ साली देशाचे राष्ट्रपती झाले. कॉलेज सुटले तरी त्यांची तालीम सुटली नाही, कारण ते रिकामे बसले नव्हते. त्यांच्यापुढे काम होते आणि सोबतीला माणसे होती.

आमचाही अनुभव सांगतो. बी.ए. झाल्यावर बी.एड.च्या फीची सोय होईना. वालिदांनी आम्हांस मामूंच्या दुकानावर बसवले. उधारीची वही मराठीत होती. आम्ही उर्दूत शिकलेले. उजवीकडून डावीकडे वाचणारे. गिऱ्हाइकांची नावे लिहिता लिहिता हात बसला. दुपारी गिऱ्हाईक नसले की पुडे बांधायला आणलेली जुनी वर्तमानपत्रे वाचायचो. आज हा लेख मराठीत लिहितो आहोत, ते त्या वर्षाचे देणे आहे. पुढे प्रवेशाच्या वेळी खंडाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागले. स्टॅम्पपेपरवर लिहून दिले, की सदर कालावधीत आम्ही कोठेही शिक्षण घेतलेले नाही. सही करताना हसू आले.

पण याच अनुभवाने आमच्याकडून एक चूकही करवली. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक हुशार मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. गावात अकरावीची सोय नव्हती. एस.टी.ने तालुक्याला जावे लागणार होते. वडिलांनी आमचा सल्ला विचारला. आमच्या डोळ्यांपुढे आमचे दुकानातले वर्ष होते. आम्ही म्हणालो, एक वर्ष थांबल्याने काही बिघडत नाही. वर्ष संपायच्या आत वडील तिच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले आणि सल्ल्याबद्दल त्यांनी आमचे आभार मानले. मुलीची जन्मतारीख आमच्या हजेरीपटावर होती. तरीही आम्ही पत्रिका घेतली आणि गप्प राहिलो.

ही एकटीची गोष्ट नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाल्याचे आढळले. हा प्रश्न एका समाजाचा नाही, साऱ्या जिल्ह्याचा आहे. अशा जिल्ह्यात मुलाचे थांबणे आणि मुलीचे थांबणे सारखे कसे असेल? आम्ही दुकानात बसलो तेव्हा आम्ही परत शिकायला जाणार, हे घरात सर्वांना मान्य होते. तिच्याबाबतीत ते कोणीच ठरवले नव्हते. आम्ही तर विचारलेही नव्हते.

म्हणून आता आम्ही पालकांना सरसकट होकार देत नाही, सरसकट नकारही देत नाही. थकलेल्या, खचलेल्या मुलाला पुढच्या वर्गात ढकलणे हाही अन्यायच आहे. आम्ही तीन गोष्टी विचारतो. थांबायचे कोणी ठरवले, मुलाने की तुम्ही? या वर्षात तो काय करणार? आणि परत कधी, कोठे प्रवेश घेणार? शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ पालक गप्प होतात. तेव्हा आम्ही शक्यतो त्याच वर्षी अर्ज भरून घेतो. नियमित कॉलेज जमत नसेल तर बाहेरून परीक्षेला बसण्याचा मार्ग सांगतो, म्हणजे नाव तरी कोठे टिकून राहते.

आमच्या टेबलाच्या खणात एक वही आहे. थांबलेल्या मुलामुलींची नावे आणि परतीचा महिना तीत लिहितो. तो महिना आला की घरी जातो. सगळीकडे चहा मिळतोच असे नाही. त्या मुलीचे नाव वहीत पहिले आहे. तिच्या नावापुढचा रकाना कोरा आहे.