न लावलेलं रान

कोकणातलं रान म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे हिरवंगार, ओलंचिंब काहीतरी येतं. ते खरं आहे, पण चार महिन्यांपुरतं. जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पुढे आठ महिने आभाळ कोरडं. जांभ्याची जमीन चाळणीसारखी, पाणी धरून ठेवत नाही. शिमग्याच्या सुमाराला समुद्र समोर चमकत असतो आणि डोंगरावर ऐन, किंजळ, सावर पानं टाकून उघडीबोडकी उभी. पायाखाली पातेरा नुसता कुरकुरतो. याच वाळक्या रानाविषयी मी बोलतोय. दिसायला भिकार, म्हणून विकायला सोपं. आणि त्यात अडकलेला एक प्रश्न काही केल्या माझी पाठ सोडत नाही. जे आपण लावलं नाही, ते विकायचा हक्क आपल्याला आहे का?

सातबारा म्हणतो, आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं, बाकीचं रान खासगी मालकीचं. झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे, परवानगी काढावी लागते. कागद झाला की कायद्याचं बोलणं संपलं.

आमच्या आज्याचं उत्तर निराळं होतं. भाजावळीसाठी तो ऐन-किंजळीवर चढून कवळ तोडायचा, पण शेंडा राखायचा. नांगराला, घराच्या वाशाला लाकूड लागलं तर आणायचा. "लागंल तेवढं आणावं. इकायचं नाय. आपून लावलं काय ते?" एवढंच म्हणायचा. आता त्याला उगाच साधुसंत करू नये. वाडीत रस्ता नव्हता, ट्रक येत नव्हता, विकत घेणारा कोण होता? मोहच नव्हता, तर संयमाचं कौतुक किती करायचं! तरी 'आणणं' आणि 'विकणं' यांत त्याने जो फरक केला तो मला खरा वाटतो. आणण्याला गरजेची हद्द असते. विकण्याला हद्द घालणारा डोंगरावर कोणीच नसतो.

पुढे १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. डोंगर साफ करून काजू आणि हापूसची कलमं लागली. मी त्याला नावं ठेवणार नाही, त्या पैशांवर वाडीतली पोरं शिकली. पण कलमं लावली तो डोंगर निदान हिरवा राहिला. जो नुसता तोडून सोडला, त्याचं काय?

लाकूडवाला सांगतो, "काका, पंधरा वर्षांत परत फुटेल की." खोटं नाही ते. ऐन-किंजळीच्या बुंध्याला फुटवा येतो, तो जोमाने वाढतो. पण पंधरा वर्षांच्या झाडाला ढोली नसते. आमच्याकडे ज्याला गरुड म्हणतात, पुस्तकात धनेश, त्याची मादी जुन्या बेहड्याच्या नाहीतर सावरीच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फटीएवढी जागा ठेवून दार लिंपते, आणि नर बाहेरून फळं भरवत राहतो. तोच पक्षी गिळलेल्या फळांच्या बिया रानभर टाकत हिंडतो. म्हणजे आपण न लावलेलं रान लावणारा कोणीतरी होता, आणि व्यवहारात त्यालाच बेघर केलं. शिवाय मोकळ्या जागेत ऊन आलं की गवत माजतं, आणि गवत वाळलं की वणवा. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी जाड साल आग सोसते, कोवळा फुटवा कुठून सोसणार? करवंदाच्या, तोरणांच्या जाळ्या जातात त्या वेगळ्याच.

आणि डोंगराखालची माणसं? आमच्या रानाच्या पायथ्याला एक पर्‍या आहे. वरती उघडं पडलं की पहिल्या पावसात तांबडी माती सरळ खालच्या शेतांत उतरते. त्या शेतकर्‍यांचं नाव आमच्या सातबार्‍यावर नाही, म्हणून त्यांना विचारायचं नाही, हा कुठला न्याय? मालकी एकाची आणि माती दुसर्‍याच्या दारात!

इथवर माझा विचार अगदी सरळ चालतो. अडतो तो धाकट्या काकांपाशी.

आमच्या सामायिक रानात सहा घरांची नावं. पाच मुंबईला, गावात काका एकटे. काकीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी रान द्यायचं काढलं, आणि आम्ही सगळे चाकरमानी गणपतीला ओटीवर बसून त्यांना रान राखण्याचं महत्त्व सांगू लागलो. मी जरा जास्तच. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला मे महिन्यात करवंदं खायला रान हवं, ते बरोबर आहे. बाकीचे अकरा महिने ते मी राखायचं. वणवा आला तर टहाळे घेऊन मी धावायचं. आणि माझ्याकडे विकण्याजोगं तेवढंच आहे. राखणावळ कोण देतो, बोला."

ओटीवर कोणी बोललं नाही. बाहेर आरतीची जमवाजमव चालली होती, त्याचं निमित्त करून दोघे उठले.

न लावलेलं विकायचा हक्क नाही, हे मला अजून पटतं. पण ते राख म्हणून दुसर्‍याला फुकट सांगायचा हक्क तरी कुठून आला? हे रान काकांचं पोट जाळून राखायचं असेल तर आज्याच्या त्या वाक्याचा आधार मला घेता येत नाही.

शेवटी वरच्या अंगाचं रान गेलं. पर्‍याकडचं, बेहड्यासकट, राहिलं. त्याची राखणावळ म्हणून दर गणपतीला सगळ्यांनी काकांना काही द्यायचं ठरलं. पाचांपैकी दोन घरं नेमाने देतात. बाकीचे, "बघू," म्हणतात.