स्वभाव की उपास?

म्हातारपणी माणूस विसरतो, चिडतो, उगाच डोळ्यांत पाणी आणतो. आपण म्हणतो, 'वय झाले.' धार-देवासच्या मराठी घरांत त्याला हिंदीची जोडही मिळते, 'सठिया गये'. दोन भाषांतून एकच निकाल दिला की आपण मोकळे! त्या माणसाच्या पोटात दिवसभरात काय गेले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

१९४८ साली धार आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी बी-१२ हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात वेगळे केले. योगायोगच. पण आमच्या शाकाहारी घरांना दुसरी घटनाही तितकीच लागू आहे. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूधदुभत्यात असते. डाळी-भाज्यांत जवळजवळ नाही. वयाबरोबर जठरातले आम्ल कमी झाले की खाल्लेल्या अन्नातूनही ते नीट सुटत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, तर शोषण आणखी घटते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून उणीव अगदी दबकत येते. पायांना मुंग्या, विस्मरण, उदासी, क्वचित भ्रमसुद्धा. घरच्यांना वाटते, आजींचा स्वभावच बदलला.

आता आजींचे ताट पाहा. दाल-बाफले कवळीला झेपत नाहीत, म्हणून रात्री चहात बुडवलेले टोस्ट. एकादशी, चतुर्थी, सोमवार. त्या दिवशी साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दूध चहापुरते. शिवाय सगळ्यांचे झाल्यावर उरेल त्यावर भागवण्याची जन्माची सवय. तहानही वयाबरोबर मंदावते, आणि अंगातले पाणी कमी झाले तरी म्हातारे माणूस गोंधळते.

सगळेच विस्मरण ताटातून येत नाही. अल्झायमर गोळीने जात नाही. पण जे भरून येण्यासारखे आहे त्यालाही आपण स्वभाव म्हणत राहिलो, तर मज्जातंतूंची हानी कायमची होऊ शकते. मग दोष कोणाचा?

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. आजींचे उपास त्यांचे स्वतःचे आहेत. आयुष्यभर त्यांच्या हाती जे थोडे उरले, त्यातले ते एक. 'तुमच्या भल्यासाठी' म्हणून त्यांच्या खिरीत गुपचूप अंडे फेटणाऱ्या सुनेला काय म्हणावे? मला तरी तो विश्वासघात वाटतो, हेतू कितीही चांगला असो. आणि त्याची गरजही नाही. औषधातले बी-१२ जिवाणूंच्या साहाय्याने आंबवून तयार करतात, हे आजींना सांगता येते. आधी रक्त तपासावे, मग गोळी की इंजेक्शन ते डॉक्टरांनी ठरवावे, आणि दोन्ही वेळा आजींना समोर बसवून, त्यांच्याशी बोलून.

दही-ताक तर बहुतेक उपासांना चालतेच. खिचडीशेजारी वाटीभर दही ठेवायचे, आणि त्या जेवत असताना कोणीतरी जवळ बसायचे.