आटत्या पाण्यातला मासा आणि धर्माचा हिशेब

मे सरत आला की भीमेवरच्या उजनी जलाशयाचे पाणी दूरवर मागे हटते. इंदापूर तालुक्यात एरवी बुडालेले जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते, भिगवणच्या बाजूला चिखलाची मैदाने पसरतात आणि पाटबंधारे खात्याच्या कागदावर धरण ‘उणे’ होते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. २०२४च्या उन्हाळ्यात धरण उपयुक्त साठ्याच्या हिशेबाने उणे साठ टक्क्यांच्या आसपास टेकले, म्हणजे मृतसाठ्यातलेही जवळजवळ निम्मे पाणी संपले. एरवी कोसच्या कोस पसरलेली मासळी उरलेल्या पाण्यात दाटीने कोंडते. गळ टाकणाऱ्यासाठी आणि जाळे लावणाऱ्यासाठी हे सुगीचे दिवस. नेमक्या याच दिवसांत एक जुना प्रश्न वर येतो: अडलेल्या, धापा टाकणाऱ्या जिवाला धरणे हा अधर्म आहे का? मांसाहार वर्ज्य मानणाऱ्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. प्रश्न पडायचा तो मासे खाणाऱ्याला, आणि त्याला तो पडायलाच हवा. माझे म्हणणे असे की माशाच्या लाचारीत पाप शोधणारे ते चुकीच्या जागी शोधतात. मासा किती सहज सापडला यावर फारसे काही ठरत नाही. तो काढल्यावर पाण्यात मागे काय उरले, यावर ठरते.

आधी पाण्यात काय घडते ते पाहू. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो, तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. प्राणवायू घटतो त्याच वेळी उष्णतेमुळे माशाच्या शरीराची गरज मात्र वाढते. उजनीत आणखी एक भर पडते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेच्या उपनद्यांतून इथे उतरते आणि त्यावर शेवाळ माजते. हे शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडते आणि रात्रभर स्वतःच तो ओढून घेते. म्हणून माशांची सर्वांत बिकट वेळ भर दुपारची नसते, ती पहाटेची असते. उजाडण्यापूर्वी मासे तोंड वर काढून पृष्ठभागाशी घोटाळताना दिसतात ते यामुळे. जाणता मासेमार सकाळ-संध्याकाळ साधतो आणि वाऱ्याने लाटा आपटतात तो काठ निवडतो, कारण तिथे पाण्यात हवा मिसळलेली असते. नदीचे जुने पात्र जलाशयाच्या तळाशी कुठून जाते हे ज्याला ठाऊक आहे, तो दुपारीही रिकाम्या हाताने परतत नाही. कटला-रोहूला कणकेचा किंवा शेंगदाणा पेंडीचा गोळा, चिलापीला गांडूळ, मरळ माशाला बेडकी. मरळ हवेतला श्वास घेऊ शकतो, त्यासाठी त्याला अधूनमधून वर यावेच लागते आणि वर आला की जागा कळते. एवढ्या साऱ्या कसबाचा गाभा एकच: माशाची अडचण कुठे आहे ते ओळखा आणि तिथे जाऊन बसा.

हे असे उघडपणे मांडले की मनाला खटकते. आपल्या मनात युद्धधर्माची एक कसोटी खोल रुजलेली आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात झोपलेल्यावर, नि:शस्त्रावर, कवच उतरलेल्यावर शस्त्र चालवू नये अशी यादीच दिली आहे. पुढे इंग्रजी अमदानीत साहेबांच्या शिकारीने तिला खेळाचा रंग दिला. हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ साली आले, आणि महासीर धरावा तो वाहत्या पाण्यात, त्याला झुंजायची संधी देऊन, ही कल्पना इथल्या हौशी लोकांत मुरली. पण ही नीती दोन योद्ध्यांसाठी घडलेली आहे. माणूस आणि मासा कधीच बरोबरीचे नव्हते. भर पावसाळ्यात, तुडुंब भरलेल्या जलाशयात गळाला लागलेला रोहूही तितकाच लाचार असतो. त्याची झुंज आपल्याला सुखावते, त्याला तिचा काही उपयोग नसतो. या कसोटीवर मासेमारीचा कोणताच ऋतू निर्दोष ठरत नाही. आणि जी कसोटी सगळ्यांनाच नापास करते, ती काय करावे आणि काय टाळावे हे सांगू शकत नाही.

दुसरी कसोटी आपल्याच परंपरेत आहे. ती फारशी कोणी आठवत नाही. महाभारताच्या वनपर्वात मृगस्वप्नोद्भव नावाचे एक छोटे उपपर्व आहे. द्वैतवनात राहून पांडव हरणांच्या शिकारीवर गुजराण करत असतात. एके रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात उरलीसुरली हरणे थरथरत येतात आणि सांगतात की आम्ही आता बियाण्यापुरतेच राहिलो आहोत, तुम्ही मुक्काम हलवा म्हणजे आमचा वंश वाढेल. युधिष्ठिर सकाळी भावांना हे सांगतो आणि पांडव काम्यकवनात निघून जातात. या कथेत काय नाही ते मला महत्त्वाचे वाटते. शिकार सोडण्याची शपथ कोणी घेत नाही, आजवर मारलेल्या हरणांचे प्रायश्चित्त कोणी करत नाही, आणि हरणेही तसे काही मागत नाहीत. ती एवढेच मागतात की बीज राखा. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाची दिशाही हीच. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरलेल्या त्या आज्ञेत गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्या आणि डुकरिणी, तसेच सहा महिन्यांच्या आतली पिल्ले मारू नयेत असे आहे, आणि ठरावीक पौर्णिमांच्या आसपासच्या तिथींना व उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत, विकूही नयेत असे म्हटले आहे. सरसकट बंदी नाही. बंदी आहे ती वेळेची आणि अवस्थेची. महाराष्ट्रातल्या देवडोहांत याच विचाराला जागेचे रूप आले. महाडजवळ काळ नदीवरचा वाळणकोंड घ्या किंवा वाड्याजवळ वैतरणेवरचे तिळसे. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते, पण हे डोह आटत नाहीत, आणि देवाच्या नावाने तिथल्या महासीर माशांना हात लावला जात नाही. गावकरी नदीत इतरत्र मासे धरतच होते. राखला तो एक डोह, जिथून पुढच्या पावसात नदी पुन्हा भरायची.

ही कसोटी उजनीला लावली की अपराधाची जागा बदलते. मेच्या अखेरीस खाण्याजोगा वाढलेला चिलापी किंवा कटला धरणे दिसायला क्रूर वाटते, पण त्याने बीजाचे विशेष बिघडत नाही. खरा घात आणखी दोन-तीन आठवड्यांनी होतो, आणि तो होताना कोणाच्याच मनाला काही खटकत नाही. वळवाचे दोन-चार तडाखे बसले, ओढे गढूळ होऊन जलाशयाला मिळू लागले, की मिशाळ शिंगाळे, खवलेवाले बारीक मासे, अनेक जाती प्रवाहाच्या उलट चढू लागतात. हे चढणीचे मासे. वर्षभराचा विणीचा ध्यास त्यांच्या पोटात असतो. या वेळी माशात जोम असतो, पाणी थंड आणि वाहते असते, साहेबी हिशेबाने ही झुंज बरोबरीची असते. लोक ओढ्याच्या तोंडाशी जाळी लावतात, पाग फेकतात, मुलांनाही सोबत नेतात, आणि तो एक सण होतो. गाभोळीने भरलेला एक मासा काढला म्हणजे त्याच्यामागच्या हजारो अंड्यांचा हिशेब तिथेच मिटला. मरळ माशाचे आणखी विदारक आहे. त्याची लालसर पिल्ले थव्याने पाण्यावर येतात आणि आईबाप खालून राखण करत फिरतात. थव्याजवळ गळ टाकला की मरळ भूक नसतानाही पिल्लांच्या रक्षणासाठी झेपावतो. हे तंत्र हमखास यशस्वी आहे, आणि माझ्या मते या पाण्यावरचे सर्वांत नीच तंत्र आहे. पालक गेला की काही तासांत तो थवा इतर माशांच्या पोटात जातो. वडाप हे बारीक आसाचे जाळे लावून बोटभर मासळी खरवडून काढणे याच जातीचे. जिलेटिनच्या कांड्यांविषयी वेगळे काय बोलायचे!

इथे एक पक्का आक्षेप येतो. जलाशयातली कटला, रोहू, मृगळ ही मासळी मुळात गंगेच्या खोऱ्यातली. साचलेल्या पाण्यात ती सहसा वीत नाही. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी संप्रेरके टोचून कार्प माशांची वीण करवून दाखवली, तेव्हापासून बोटुकली केंद्रात तयार होते आणि जलाशयात सोडली जाते. मग हे पीकच झाले. पेरणाऱ्याने कापावे, बीज राखण्याची भाषा कशाला? सोडलेल्या कार्पपुरता हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण पिकालाही वाढू द्यावे लागते. सोडलेली बोटुकली वडापात पहिल्याच वर्षी उचलली तर पेरणी करणाऱ्याचेच नुकसान होते. शिवाय शिंगाळा, मरळ, वाम आणि कितीतरी बारीक मासे कोणी आणून सोडत नाही. त्यांच्या नदीवर आपण भिंत बांधली आणि चढणीच्या वाटा तोडल्या. जे कोणी पेरत नाही त्याचे बियाणे राखण्याची जबाबदारी भिंत बांधणाऱ्या समाजावर अधिकच येते.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: पाणी आटतेच आहे, मासा मरणारच आहे, मग खाल्ला तर काय बिघडले? गावोगावच्या पाझर तलावांपुरते हे खरे आहे. जो तलाव मेअखेर तळ दाखवणार, त्यातला मासा काढून घेणे हेच शहाणपण; नाहीतर तो चिखलात सडेल. उजनी मात्र तळ दाखवत नाही. तिथले उरलेले पाणी हा आसरा आहे, आणि त्यातले मासे द्वैतवनातल्या शेवटच्या हरणांसारखे. जिथे जीव जगणार आहे तिथे ‘मरणारच’ म्हणणे ही सोय झाली.

सर्वांत अवघड आक्षेप अहिंसेचा. उजनीचे पाणी पुढे चंद्रभागा होऊन पंढरपुराला जाते. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी विचारील की बीज राखले म्हणून ताटातल्या या एका माशाचा जीव परत येतो का? वंश टिकला याचे समाधान वंशाला. मेला तो मेलाच. याला उत्तर नाही आणि ते असल्याचा आव मी आणणार नाही. २००३ साली लीन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचे दाखवले, त्यानंतर माशाला काही कळत नाही असे सहज म्हणण्याची सोयही राहिली नाही. पण वनपर्वातलाच मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला आठवण करून देतो की नांगराच्या फाळाखालीही जीव मरतात. त्याचा मुद्दा ‘सगळेच हिंसक, म्हणून सगळे माफ’ असा नाही. हिंसेपासून पूर्ण सुटका कोणालाच नाही, म्हणून प्रत्येकाने आपली हिंसा ओळखून कमी करावी, असा आहे. ती ओळखायची तर माळ घातलेल्या शहरी माणसालाही स्वतःच्या मोरीपासून सुरुवात करावी लागेल. देहूच्या इंद्रायणीच्या डोहात श्रद्धेने राखलेले मासे मरून तरंगले ते गळाने नव्हे, दूषित पाण्याने. पहाटे उजनीत प्राणवायू संपतो तो भोयाच्या जाळ्यामुळे संपत नाही.

मग एकेका माशाप्रती काही देणे उरतेच, आणि तिथे हौशी आणि पोटार्थी यांत फरक करावा लागतो. भीमेवर पिढ्यानपिढ्या जगलेल्या भोई कुटुंबाला मे महिन्यात जाळे आवरायला सांगण्याचा अधिकार सुट्टीत गळ घेऊन येणाऱ्याला नाही. हौशी माणूस म्हणतो, मी तर पकडून सोडून देतो, माझ्या हातून हिंसा होत नाही. थंड, वाहत्या पाण्यात हा दावा बराचसा टिकतो. तीस अंशांच्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात टिकत नाही. झुंजून थकलेल्या माशाला सावरायला जो प्राणवायू लागतो तोच तिथे कमी असतो. सोडलेला मासा पोहत गेला म्हणजे जगला असे होत नाही. उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यांत खाण्यासाठी एक मासा धरून थांबणारा आणि तो पाटीत तडफडत न ठेवता लगेच मारणारा, हा दहा मासे धरून दहाही सोडणाऱ्यापेक्षा धर्माच्या जवळ आहे. खेळच हवा असेल तर त्याने पाणी निवेपर्यंत वाट पाहावी.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी थांबते आणि कोळी समाज ती विश्रांती नारळी पौर्णिमेच्या सणाशी जोडून पाळतो. गोड्या पाण्यातल्या माशांच्या विणीचाही हाच काळ, पण धरणाच्या काठावर असा सण नाही, आणि नुसत्या कायद्याच्या धाकाने ओढ्याच्या तोंडावरची जाळी निघत नाहीत. ती निघतील ती मागणी थांबली तर. म्हणून विनंती मासे धरणाऱ्याला नाही, खाणाऱ्याला आहे: मेमध्ये उजनीचा मोठा कटला खुशाल घ्या, जून-जुलैत गाभोळी भरलेला मासा कोणी पुढे केला, तर भाव न विचारता पुढच्या पाटीकडे वळा.