चार बोचकी

दिवाळी होऊन आठवडा झाला. पायाशी घडी करून ठेवलेली वाकळ पहाटे आता झोपेतच गळ्यापर्यंत ओढली जाते. सकाळची कामं आटोपली की मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून चार बोचकी काढते आणि सतरंजीवर ओळीनं मांडते. एकात बाळाचं दुपटं आहे, एकात घरची मोठी वाकळ, एकात शिंप्याकडच्या चिंध्यांचं आसन आणि एकात आईची लुगडी. चारही अर्धवट. आज कुठल्या बोचक्याची गाठ सोडायची हे ठरवण्यात पाच-दहा मिनिटं जातात. दिवसातली ही मिनिटं मला फार आवडतात.

येणारीजाणारी माणसं विचारतात, "एक हातावेगळं करून मग दुसरं का घेत नाही?" प्रश्न रास्त आहे. शाळेपासून आपल्याला हेच सांगितलेलं असतं. पण ज्यांच्या घरात वाकळा शिवल्या गेल्या, त्यांनी हा प्रश्न कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

गोधडीला आमच्या कोल्हापूरकडं वाकळ म्हणतात. तिला लागणारं कापड दुकानात मिळत नाही. दुकानात मिळतं ते नवं, खळीचं, ताठ. वाकळेला हवं ते अंगावर नेसलेलं, शेकडो वेळा धुतलेलं, उन्हात वाळून वाळून मऊ पडलेलं. असं कापड घरात वर्षानुवर्षं तयार होत असतं आणि आपल्या सोयीनं हाती येत नाही. आज एखादा परकर मिळतो, सहा महिन्यांनी कुणाचं धोतर विरतं, मग वर्षभर काहीच नाही. आलेलं कापड ज्या वाकळेला शोभेल तिच्या बोचक्यात जातं. म्हणून एका वेळी तीन-चार वाकळा चालू असणं हीच या कामाची मूळ रीत आहे. आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेतही अशी गाठोडी कायम असायची. दारावर बोहारीण आली की आजी नायलॉनच्या साड्या देऊन पातेली घ्यायची, पण सुती लुगडं तिनं कधी कुठल्या भांड्यावर दिलं नाही. नायलॉन घाम टिपत नाही आणि थरांमध्ये सारखं सरकत राहतं. सुतात सुई सुखानं जाते आणि टाका जागेवर बसतो.

नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. सात फुटी वाकळेच्या मापानं त्याचे तीन पुरे तुकडे निघतात आणि पदराकडचा एक आखूड तुकडा उरतो. त्या आखूड तुकड्याचं काय करायचं, या विचारातूनच बहुधा पुढच्या वाकळेची सुरुवात होते.

सध्या हातात जास्त असतं ते दुपटं. भाचीला पौषात दिवस भरतील. दुपट्याला वरून-खालून सासऱ्यांचं जुनं धोतर घेतलंय आणि पोटात माझ्याच एका मलमलीच्या साडीचे दोन थर. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनं लावायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. कारण सरळ आहे. नव्या कापडातली खळ कोवळ्या कातडीला टोचते. जुन्या धोतरात टोचायला काही उरलेलं नसतं.

दुपटं मीटरभर लांब आणि पाऊण मीटर रुंद आहे. मी कडेनं धावदोरा घालत आत येते, दोन फेऱ्यांत बोटभर अंतर ठेवून. असे पंचवीस फेरे होतात. पहिला फेरा साडेतीन मीटरचा, शेवटचा जेमतेम तीन वितींचा. सगळी बेरीज केली तर पन्नास मीटरच्या आसपास शिवण होते, म्हणजे सेंटिमीटरला एक धरला तरी पाच हजार टाके. एवढ्याशा कापडाला! याच अंतरानं सात बाय पाच फुटांची मोठी वाकळ शिवायची तर शिवण दोनशे मीटरच्या वर जाते. हे हिशेब मी घाबरण्यासाठी करत नाही. आजीनं जन्मभरात किती मैल शिवलं असेल, याचा अंदाज यावा म्हणून करते.

मोठी वाकळ मात्र मनात आलं म्हणून घेता येत नाही. तिला जमीन लागते. थर अंथरायचे, चारही बाजूंनी ताणून सुरकुत्या काढायच्या, मग मधोमध लांब लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरून ठेवायचे. दिवाणखाना रिकामा असेल त्याच दुपारी हे जमतं. तिचं अंथरणं आणि कच्चे टाके गेल्या उन्हाळ्यात झाले. आता ती मांडीवर घेऊन एकेका कडेनं शिवता येते, आणि थंडीत हे काम सुखाचंही असतं, कारण शिवता शिवता तीच पायांवर पांघरलेली असते.

आमच्या गल्लीत पूर्वी एक मावशी मजुरीवर वाकळा शिवून द्यायच्या. त्यांच्याकडंही चार घरच्या चार वाकळा एकदम असायच्या आणि कधी घोटाळा व्हायचा नाही. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. "उठताना म्होरला दोरा ओवून ठिवायचा, ताई. सांच्याला डोळं दमल्यावर कोण ओवणार?" ओवलेली सुई तयार असली की दहा मिनिटांची फुरसतही वाया जात नाही. दोरा हातभरच घ्यायचा, मेणावरून एकदा ओढायचा. लांब दोऱ्याला गुंता होतो आणि कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन तो पिंजतो. मात्र सुई कापडात टोचून ठेवायची नाही. एका पावसाळ्यात माझ्याकडून तशी राहिली. गंजाचा डाग पडला, धुऊन गेला नाही, आणि वर्षभरात नेमकं त्याच जागी कापड विरलं. तेव्हापासून प्रत्येक बोचक्यात एक लहान डबी असते. तिच्यात ओवलेली सुई, दोऱ्याचं रीळ आणि कुठं थांबले त्याची चिठ्ठी.

चिंध्यांच्या आसनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नव्या कापडाचे चौकोन जुन्याला जोडले आणि पहिल्याच धुण्यात नवं आकसलं. जुनं त्याच्याबरोबर ओढलं जाऊन शिवणीजवळ फाटलं. नवं कापड आधी भिजवून, आकसू देऊन मग वापरायला हवं होतं. आता उसवून पुन्हा जोडते आहे. त्याला घाई नाही.

असं कडेनं आत येत शिवणारे आणखीही आहेत. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले. त्या बायका शिवतात ती कवंदी. तिचंही काम कडेकडून सुरू होऊन मध्याकडं जातं. शेवटी चार कोपऱ्यांना लहान त्रिकोणी ठिगळं लावतात, त्यांना फुलं म्हणतात, आणि फुलं लागल्याशिवाय कवंदी पुरी धरत नाहीत. हे कळलं तेव्हा मी विचारात पडले की आमच्याकडं वाकळ पुरी केव्हा झाली म्हणायची? शेवटचा फेरा मध्यात मिटला की गाठ मारतो, एवढंच. पण तीन वर्षांपूर्वी आजीची एक फाटकी वाकळ उसवायला घेतली, तर तिच्या पोटातून आणखी एक वाकळ निघाली, आधीच्या कुणीतरी शिवलेली. तिचा रंग ओळखू येत नव्हता, टाके मात्र ओळीनं जागच्या जागी होते. विरलेली वाकळ टाकायची नाही, नवीच्या पोटात घालायची, हे मला ऐकून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिलं त्या दिवशी. कधीतरी पुऱ्या झालेल्या त्या वाकळेचं पुन्हा कापड झालं होतं. आज ती माझ्या मोठ्या वाकळेच्या आत आहे, तशीच न उसवता ठेवलेली. हे लक्षात आल्यापासून अर्धवट कामांचं ओझं मला वाटेनासं झालं.

राहिलं चौथं बोचकं.

आई जाऊन चार वर्षं झाली. तिची दोन इरकली लुगडी आणि एक साधं सुती माझ्याकडं आलं. पहिल्या वर्षी मी ती नुसती उन्हात घालून परत ठेवली. दुसऱ्या वर्षी कात्री घेतली. सुती लुगड्याचं अस्तर केलं, एका इरकलीचं अंग पोटात गेलं, दुसरीचे पट्टे वरच्या थराला. लाल-पांढरा टोपपदर चारही बाजूंनी काठासारखा बसवला. मधे साधारण दोन हात लांब आणि हात-दीड हात रुंद जागा मोकळी ठेवली आहे. ती अजून मोकळीच आहे.

उतारवयात आई सहावारी नेसू लागली होती. त्यातली एक अंजिरी रंगाची सुती साडी थोरल्या बहिणीनं नेली. आईच्या शेवटच्या वर्षांत ती तिच्या अंगावर सगळ्यात जास्त असायची. ती जागा त्या साडीची आहे. पण ताई ती साडी अजून नेसते. श्राद्धाला नेसते, सणावारी नेसते. ती विरेल तेव्हा तिचा तुकडा माझ्याकडं येईल. म्हणजे माझी वाकळ पुरी व्हायची तर आधी ताईच्या अंगावरची आईची साडी फाटायला हवी. हे ध्यानात आलं तेव्हा मी बराच वेळ त्या मोकळ्या जागेवर हात ठेवून बसून राहिले. ताईला मी काही बोललेले नाही. मागितली तर ती उद्याच आणून देईल, म्हणूनच मागत नाही.

त्या मोकळ्या जागेकडं बघताना मला एक दूरचं गाव आठवतं. अमेरिकेत अलाबामा राज्यातलं जीज बेंड, एकेकाळचं कृष्णवर्णीय शेतमजुरांचं गाव. तिथल्या बायकांच्या गोधड्या पुढं मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या. 2002 साली ह्यूस्टनला त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यातल्या मिसूरी पेटवे या बाईंची गोष्ट माझ्या मनात राहिली आहे. 1942 साली नवरा गेल्यावर त्यांनी त्याचे शेतातले विटके कपडे, विजारींचे पाय, सदऱ्यांचे तुकडे घेतले आणि मुलीला हाताशी धरून गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती अंगावर घेता यावी म्हणून. त्यांनी थांबून राहणं पसंत केलं नाही. माझ्याहून त्यांचं दुःख मोठं, घरही गरीब, आणि थंडी तर सगळ्यांनाच वाजते. मला त्यांचं पटतं. माझं थांबणंही मला पटतं. त्यांच्याकडं कपडे होते आणि नेसणारं कुणी उरलं नव्हतं. माझ्याकडं नेसणारी अजून आहे.

तेव्हा चारांचा क्रम मी असा लावला आहे. ज्याच्या अंगावर गोधडी जायची आहे, त्याला तिची गरज किती लवकर आहे, एवढंच बघायचं. बाळ पौषात येणार, म्हणून दुपटं आधी. घरातल्यांना माघात थंडी बोचेल, म्हणून मोठी वाकळ त्यानंतर. आसन उन्हाळ्यात. चौथं बोचकं थांबेल. रोज बसताना हा क्रम मोडायचा नाही, मात्र हात एकाच कामाला कंटाळला तर अर्धा तास दुसऱ्या बोचक्यात जायला हरकत नाही. दुपट्याच्या बारीक टाक्यांनी डोळे शिणले की मोठ्या वाकळेचे लांब टाके विश्रांतीसारखे वाटतात. पुढच्या वर्षी घटस्थापनेआधी दसरा काढायचा, घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन वाळत घालायचं, तेव्हा दोरीवर मोठी वाकळ असेल असा माझा अंदाज आहे.

तुमच्या घरात विरलेलं सुती लुगडं किंवा धोतर असेल तर बोहारणीला देऊ नका. स्वतः शिवायला वेळ नसेल तर धुऊन, घडी करून ठेवा, आणि ते कुणाचं होतं ते कागदावर लिहून घडीत घाला. पुढं कुणीतरी सुई घेईल. तिला ते कापड लागेल आणि ते नावही लागेल.

दुपट्याचे चौदा फेरे झाले, अकरा राहिले. आतले फेरे लहान असल्यामुळं शिवण आता तेरा-चौदा मीटरच उरली आहे. पाडव्याला ताईकडं गेले होते. तिनं अंजिरी साडी नेसली होती. वाढताना तिचा पदर माझ्या हाताला लागला. मऊ झालाय, पण कुठं विरलेला नाही. काठही पक्का आहे.